जुनं आर्केड मशीन एकट्याने हलवायचं असेल तर

१९८०च्या दशकातलं, नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं उभं आर्केड मशीन, समजा मूळ पॅकमॅन, सहज १०० किलोच्या पुढे भरतं. पण खरी अडचण वजनाची नाही, तोलाची आहे. काचेची जड पिक्चर ट्यूब वरच्या भागात असते, त्यामुळे जरा जास्त कललं की मशीन हाताबाहेर जातं.

आधी प्लग काढा, वायर गुंडाळून चिकटवा. नाण्यांचा डबा बाहेर काढा आणि आत काही सुटं राहिलेलं नाही ना, ते बघा. ट्यूबच्या आसपास मात्र हात घालू नका. मशीन बंद केल्यावरही तिथे हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो, शिवाय ट्यूबची मागची मान फार नाजूक असते. तळाचे स्क्रूचे पाय पूर्ण आत फिरवा, नाहीतर ते उंबऱ्याला अडकून मोडतात.

आता दोन चाकांची ट्रॉली मागच्या बाजूने तळाखाली सरकवा, मध्ये जाड गोधडी घाला आणि रॅचेटचा (दांडा हलवून घट्ट करायचा) पट्टा काचेवरून किंवा बटणांवरून न नेता लाकडी भागावर आवळा. मग मशीन हळूहळू स्वतःकडे कलवा. वजन हातांवर न येता चाकांवर आलं की तोल साधला.

व्हॅनमध्ये चढवायला मशीनची पाठ व्हॅनच्या कडेला टेकवा, तिथेच आडवं करा, मग गुडघे वाकवून तळाची बाजू उचला आणि आत ढकला. अशा वेळी निम्म्याच्या आसपास भार अंगावर येतो. जिना असेल तर एकट्याने हात लावू नका, शेजाऱ्याला हाक मारा.