‘सेलिंग’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

‘सेलिंग’ हा शब्द समोर आला की ‘नौकानयन’ लिहून मोकळे होण्याची सवय पुष्कळांना असते. तसे करण्यापूर्वी नौका कशाच्या जोरावर चालते आहे, वाऱ्याच्या, वल्ह्यांच्या की इंजिनाच्या, एवढे पाहून घ्यावे.

मूळ अर्थ शिडाचा आहे. डोलकाठीवर उभारलेल्या शिडात वारा भरतो, सुकाणूने दिशा राखली जाते आणि नौका पुढे जाते. या अर्थाने ‘शिडाची नौका चालवणे’ असे लिहावे. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून केलेली पृथ्वीप्रदक्षिणा हे खरे सेलिंग होय. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात आपण होडीतून फेरी मारतो, तो नौकाविहार. रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळ वल्ही मारत होते, तर टोकियोत नेत्रा कुमनन शिडाच्या नौकेच्या शर्यतीत उतरल्या होत्या. दोघांनाही नुसते ‘नौकानयनपटू’ म्हटले तर दोन निराळे खेळ वाचकाला एकच वाटतात, आणि हे मला फार खटकते.

कोल्हापुरात हा शब्द सर्वाधिक कानांवर पडतो तो मात्र उद्यमनगर-शिरोलीच्या कारखान्यांत. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव धातूच्या भागांचा, कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे रवाना झाला की ‘सेलिंग कधी आहे?’ अशी विचारणा सुरू होते. ते जहाज इंजिनावर चालते, त्यावर शीड नसते. येथे सेलिंग म्हणजे केवळ बंदर सोडणे. मध्यवर्ती बसस्थानकावरून गाडी सुटते तसेच बंदरातून जहाज सुटते, म्हणून ‘जहाज १४ तारखेला सुटेल’ हे वाक्य पुरेसे आहे. शिवाय त्याच टेबलावर ‘सेलिंग प्राइस’, म्हणजे विक्रीची किंमत, लिहिलेली असते आणि देवनागरीत दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे पत्रव्यवहारात तरी ‘सुटणे’ आणि ‘विक्री’ असे स्वच्छ मराठी शब्द वापरावेत.

जिथे नौकाच नसते, तिथे शब्दाला शब्द ठेवू नये. ‘प्लेन सेलिंग’ म्हणजे काम सुरळीत होणे. परीक्षेत कोणी ‘सेल थ्रू’ झाली, तर ती सहज उत्तीर्ण झाली. ‘सेलिंग क्लोज टू द विंड’ हा वाक्प्रयोग मात्र थोडा थांबून समजून घेण्यासारखा आहे. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. समोरून वारा असेल तर साधारण ४५ अंशांचा कोन राखून, आलटून पालटून दोन्ही बाजूंना वळत तिला नागमोडी पुढे जावे लागते. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, त्याहून वाऱ्याकडे वळवली की शीड सैल पडून फडफडू लागते आणि नौका जागीच रेंगाळते. त्या मर्यादेला चिकटून नौका हाकणे जसे जोखमीचे, तसेच कायद्याच्या अगदी काठावरून व्यवहार करणे. म्हणून मराठीत ‘तो वाऱ्याजवळून जातो’ असे न लिहिता ‘तो नियमांच्या काठाकाठाने चालतो’ असे लिहावे.