जुनी येझदी घरी बांधताय? या चुका टाळा

येझदी मोटारसायकली बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तुमच्या दारातल्या येझदी रोडकिंगचे मूळ पार्ट तेव्हापासून कमीच होत चाललेत. तरी लोक गाडी आणतात आणि पहिल्याच रविवारी नटबोल्टापर्यंत खोलून ठेवतात. सहा महिन्यांनी फोन येतो, "हा स्पेसर (दोन भागांत अंतर ठेवणारी नळी) कुठला?" फोटोवरून तो मला तरी कसा कळणार?

मी गाडी आणली की आधी खोलत नाही. टाकी आणि कार्बोरेटर साफ करतो, नवा स्पार्क प्लग लावतो, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासतो आणि आहे त्या अवस्थेत इंजिन सुरू होतंय का ते पाहतो. सुरू झालं तर आवाज, धूर, गिअर अडकतोय का हे सगळं वहीत लिहितो. मग एका वेळी एकच भाग उतरवतो. बोल्ट निघाला की शक्य तिथे त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवतो, बाकीचे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, वर चिकटपट्टीवर नाव लिहून.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे दोन्ही टोकांच्या रबरी कड्या, न बदलता इंजिन बांधणं.

मी हे स्वतः भोगलंय. ९ वर्षं शेडमध्ये उभी असलेली रोडकिंग घेतली. बोअर मारला (सिलिंडर आतून कातून घेतला), पिस्टन-रिंगा नव्या घातल्या, गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. सील वरून बरे दिसत होते, म्हणून तसेच ठेवले. गरम झाल्यावर मात्र ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येईना. तीन आठवडे मी कार्बोरेटरच्या मागे होतो: जेट बदलले, स्क्रू फिरवले, स्लाइड बदलली. मग पुण्याहून साताऱ्याकडे निघालो आणि खंबाटकीच्या चढावर इंजिन जाम होऊन मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. घरी सिलिंडर काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि नवा बोअर वाया. पॉइंटच्या बाजूचा सील नखाने दाबून पाहिला, प्लास्टिकसारखा कडक झाला होता.

रोडकिंगसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद कप्प्यात, येतं आणि ऑइलही त्या पेट्रोलातूनच पोचतं. पॉइंटच्या बाजूचा सील गेला की कार्बोरेटरला वगळून नुसती हवा आत शिरते. पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि त्याच वेळी ऑइलही कमी मिळतं. क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलटं होतं: इंजिन गिअर ऑइल ओढतं, धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. म्हणून प्लग काढून बघायची सवय लावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर गाडी घाटात नेऊ नका. आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात दोन्ही सील नवेच घाला. "चालतंय ना, राहू दे" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं इथे ऐकू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

नट निघत नाही म्हणून छिन्नी-हातोडी घेऊ नका. रात्रभर गंजतेल सोडा, सकाळी नीट बसणारा गोटी पाना लावा. मॅग्नेट असो की क्लच, तो ओढून काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, नसेल तर त्या दिवशी काम थांबवा.

क्रँककेस सँडब्लास्टिंगला देऊ नका. वाळूचा एक कण आत राहिला तरी बेअरिंग खातो. रॉकेल आणि ब्रश पुरतो, वेळ लागतो एवढंच.

रंग शेवटी. आधी अख्खी गाडी बिनरंगाची जोडून बघा, चालवून बघा, मग परत खोला. हे सांगितलं की नवीन मुलं वैतागतात, पण रंगलेल्या चॅसीवर ग्राइंडर चालवताना मी त्यांनाच पाहिलंय. पावडर कोटिंगआधी आट्यांची भोकं बुजवा आणि चॅसी नंबर झाकून घ्या. तो बुजला तर आरटीओत गाडी पास करताना अडाल.

गाडीचा कॅफे रेसर (खाली वाकून चालवायची, रेसिंगच्या धाटणीची गाडी) करायचाय? करा. हँडल, सीट, मडगार्ड, दिवे, जे नटबोल्टाने निघतं आणि परत बसतं ते सगळं बदला, मूळचं जपून माळ्यावर ठेवा. पण चॅसीचा मागचा भाग कापू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि कापलेल्या चॅसीच्या जागी दुसरी मूळ चॅसी आणणार कुठून? माझ्याकडे अशा कापलेल्या दोन चॅसी आल्या. दोन्ही वेळा वेल्डिंगच्या जोडापाशीच तडा गेला होता.