मे महिन्यात पाहुण्यांची खोली कूलरवर थंड कशी ठेवावी

कऱ्हांडल्याच्या जंगलालगत आमच्या सहा खोल्या आहेत. नागपूरहून उमरेडमार्गे यायचं. आमचा खरा हंगाम मे महिना, कारण तेव्हा पाणवठे आटतात, उरलेल्या दोनचार पाण्यांवर जनावर येतं आणि त्याच्या मागे माणसं येतात. पहाटे जिप्सीत बसतात, साडेनऊ-दहाला धुळीने माखून परततात, तर्री-पोहे खातात आणि मग दुपारी चारपर्यंत त्यांना फक्त झोप हवी असते. म्हणजे नेमकी जी वेळ सगळ्यांत तापलेली, तीच. खोली तेव्हा थंड नसेल, तर वाघ दिसलेला पाहुणासुद्धा तोंड पाडून जातो.

“एसी का लावत नाही?” हे विचारणाऱ्यांनी आमच्याकडचं दुपारचं व्होल्टेज बघितलेलं नसतं. एसीचा कंप्रेसर सुरू होतो, कण्हतो आणि बंद पडतो. कूलरला दोनशे वॉटच्या आसपास वीज लागते, वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट लावलेला कूलर एसीची आठवण येऊ देत नाही. इथे ‘नीट लावलेला’ हा शब्द महत्त्वाचा. दहातले आठ कूलर चुकीचे लावलेले असतात, आणि पहिल्या वर्षी माझे सहाच्या सहा तसे होते.

होळी झाली की कूलर माळ्यावरून काढायचे, टाकीला आतून डांबर मारायचं, गवत बदलायचं, पंप बादलीत टाकून चालतो का बघायचं. हे विदर्भात कोणाला शिकवायला नको. बारा बाय चौदाच्या खोलीला अठरा इंची पंख्याचा कूलर पुरतो. गवत दरवर्षी नवीनच घाला. मागच्या वर्षीचं धुऊन वापरलं की पहिल्याच रात्री खोलीत ओल्या गोणपाटाचा वास सुटतो, आणि पाहुण्याला तो वास कूलरचा आहे हे कळत नाही, तो चादरींना नाक लावून बघतो. वाळ्याची ताटी (ताटी म्हणजे गवत भरलेली कूलरची बाजू) परवडत असेल तर फक्त एका बाजूला लावा, वासापुरती.

कूलर खिडकीच्या बाहेर, स्टँडवर, सावलीत. आतमध्ये कधीही नाही. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी उत्तम. तशी नसेल तर वरून बांबूचा तट्टा किंवा हिरवी जाळी बांधा. पण ताटीला चिकटवून नाही, हातभर अंतर सोडून, नाहीतर कूलरला श्वासच घेता येत नाही. आणि आजूबाजूला काय आहे तेही बघा. कूलर बाहेरची हवा ओढून पाहुण्याच्या उशाशी नेऊन सोडतो, तेव्हा मागे चूल, शेणखताचा खड्डा किंवा जनरेटर असेल तर तोही वास उशाशी जाणार.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते.

हवा बाहेर जायची वाट

पहिल्या मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. नवे कूलर, नवं गवत, टाक्या काठोकाठ. जंगलातून आल्यावर त्यांनी खिडक्या लावल्या, दार लावलं, दाराच्या फटीत टॉवेल खोचला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. तीनच्या सुमारास त्यांच्यातल्या आजी बाहेर येऊन लिंबाखाली बाजेवर बसल्या. मी खोलीत गेले तर चादर दमट, आरशावर वाफ, माझ्या कपाळाला दोन मिनिटांत चिकट घाम. कूलर मात्र जोरात चालू. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा म्हणाला, “काकू, कूलर तर मस्त फिरून राह्यला, मंग आतमधी घाम काऊन येऊन राह्यला?”

या प्रश्नाचं उत्तर मला तीन आठवडे सापडलं नाही. मिस्त्री दोनदा बोलावला. त्याने एकदा पंप बदलला, एकदा पंख्याची पाती बदलली आणि दोन्ही वेळा पैसे घेऊन गेला. कोणी म्हणालं टाकीत बर्फ टाका. तोही टाकला. अर्ध्या तासात विरघळला, खोली होती तशीच. हा सल्ला आजही लोक देतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. कूलर पाण्याच्या गारव्यावर चालत नाही, पाणी सुकण्यावर चालतो.

एके दुपारी चार नंबरच्या खोलीत चहा द्यायला गेले आणि दार उघडताच पंख्याचा आवाज बदलला. आतापर्यंत घुसमटल्यासारखा घुर्रर्र येणारा आवाज मोकळा झाला, आणि उघड्या दारातून भसकन वारा माझ्या अंगावर आला. दार लोटलं, परत घुर्रर्र. चहाचा कप हातात धरून मी चार वेळा दार उघडलं, बंद केलं. आतल्या माणसांना वाटलं असेल, बाईंना ऊन लागलं.

गोष्ट अशी आहे. बाहेरची कोरडी तापलेली हवा ओल्या गवतातून जाते, पाणी सुकतं, सुकताना हवेतली उष्णता घेतं. हवा गार होते, पण ओलीही होते. ही हवा एकदाच कामाची. ती अंगावरून गेली की तिने खोली सोडली पाहिजे. कोंडून ठेवली तर ती दमट होत जाते, घाम सुकत नाही, आणि जागा अडल्यामुळे बाहेरची नवी हवाही आत येत नाही. एसीची खोली बंद ठेवायची असते. कूलरची उघडी ठेवायची असते. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला सवय पहिलीची, म्हणून तो टॉवेल खोचतो.

तर वाट कुठे आणि किती? कूलरच्या समोरच्या भिंतीत, शक्यतो तिरप्या कोपऱ्यात आणि वरच्या बाजूला. गरम हवा वर साठते, ती आधी जाऊ दे. कूलरशेजारचीच खिडकी उघडली तर गार वारा पलंगाला वळसा न घालता सरळ तिथून निघून जातो. ही दुसऱ्या नंबरची चूक, आणि मी तीही केली आहे. आकाराचा माझा नियम सोपा आहे: कूलरच्या तोंडाची जाळी जेवढी, त्याच्या दीडपट मोकळी जागा बाहेर जायला हवी. डासांची जाळी लावली की मोकळी जागा बरीच घटते, जाळीवर धूळ बसली की आणखी. म्हणून जाळी असेल तर दुप्पट धरा आणि दर आठवड्याला ती ब्रशने झाडा.

स्वच्छतागृह खोलीला जोडलेलं असेल तर एक युक्ती आहे. त्याचा झरोका उघडा ठेवा आणि त्याच्या दाराला खाली चारपाच इंचांची फट सोडा. हवा खोलीतून तिकडे आणि तिकडून बाहेर जाते, वास खोलीत येत नाही, फरशीही वाळते. मात्र तेवढ्यावर भागत नाही, मुख्य वाट वेगळीच हवी.

तपासायचं कसं, तर उदबत्तीने. कूलर पूर्ण वेगात चालू करून उघड्या झरोक्यापाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. जागच्या जागी घुटमळला तर वाट कमी आहे. मग खोलीचं दार उघडून कान द्या. दार उघडल्यावर पंख्याचा आवाज बदलत असेल, तर अजूनही कमी आहे. बदलत नसेल तर झालं. मिस्त्रीला बोलावायच्या आधी ही परीक्षा करा, माझे पैसे गेले तसे तुमचे जाऊ नयेत.

एवढं करून पाहुणे झरोका बंद करायचेच. विनंतीची चिठ्ठी लावली, कोणी वाचली नाही. तोंडी सांगितलं, तर “हो हो” म्हणून माझी पाठ वळताच बंद. शेवटी मी दारावरच्या झरोक्यांच्या झडपाच काढून टाकल्या. तिथे फक्त जाळी आहे. थंडीत त्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकते, फेब्रुवारीच्या शेवटी काढते. तुमच्या हातात एकच बदल करणं असेल तर हा करा. ज्याला बंद करता येत नाही अशी वाट. चोरीची भीती वाटत असेल तर गज बसवा, पण काच नको.

छताचा पंखा? अगदी हळू, किंवा बंद. पूर्ण वेगात फिरवला की तो तापलेल्या स्लॅबखालची हवा अंगावर ढकलतो. स्लॅबवर एप्रिलमध्ये चुन्याचा पांढरा हात द्या, त्याने फरक पडतो. आमच्या दोन जुन्या खोल्यांवर कवेलू, म्हणजे कौलं, आहेत, तिथे गरम हवा आपोआप फटींतून जाते. नव्या सिमेंटच्या खोल्यांवर मी एवढा जीव काढत होते, तेव्हा त्या दोन खोल्यांतल्या पाहुण्यांची कधी तक्रार नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पाहुण्याला पटत नसेल तर एक प्रयोग दाखवते. दोन साधे काचेचे थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळलेलं, दोन्ही सावलीत पंख्यासमोर. बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल, तर ओल्या कापडाचा थर्मामीटर २३ च्या आसपास थांबतो. कूलर जास्तीत जास्त तिथपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात चांगला कूलर २७-२८ ची हवा देतो. म्हणजे जितकं कोरडं, तितका गारवा. नवतपाला, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांना, घाबरून बुकिंग रद्द करणाऱ्यांना मी हेच सांगते. (२०२४ च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. पुढे हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण ५६ चा फोटो दाखवून सूट मागणारे पाहुणे अजून येतात.)

पाणी

भर दुपारी एक कूलर तासाला दहा ते वीस लिटर पाणी पितो. सहा खोल्या, दिवसाचे बारा-चौदा तास, हिशेब तुम्हीच करा. बोअरला उन्हाळ्यात किती पाणी असतं ते बघूनच खोल्या भरा. फ्लोट व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पाहुणा झोपलेला असताना टाकी कोरडी पडते, पंप जळतो आणि कूलर खोलीत सरळ लू फेकतो. बोअरचं पाणी क्षाराचं असतं. पाणी सुकतं, क्षार टाकीत मागे उरतो आणि गवत दगडासारखं होतं. म्हणून दर दोन दिवसांनी उरलेलं पाणी सोडून द्यायचं. ते झाडांना घाला, पण लिंबोणीला नको, माझी एक वाळली.

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती काथ्याने घासायच्या. नुसतं पाणी ओतून दिलं की काम झालं, असं समजू नका. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. आमचा घासायचा वार मंगळवार, तेव्हा खोल्या कमी भरलेल्या असतात.

शॉक

यावर मी भांडते. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी माणूस. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी असते, बहुतेक वेळा पाणी भरताना. तीन पिनांचा प्लग, खरंच जमिनीत गेलेलं अर्थिंग, आणि खोल्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच. सॉकेटमध्ये काडी खोचून वायर अडकवणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाणी भरताना, हात लावताना, ‘जरा बघतो’ म्हणताना, आधी प्लग उपसायचा. बटण बंद करणं पुरेसं नाही. पाहुण्यांच्या लहान मुलांना ओल्या ताटीत बोटं घालायची भारी हौस असते, म्हणून कूलरभोवती मी कमरेएवढं कुंपण घातलं आहे. दिसायला बरं दिसत नाही. राहू दे.

मृग लागल्यावर

पहिला पाऊस पडला की त्याच कूलरला शिव्या बसायला लागतात. बाहेर ३६ अंश पण ओलावा ६० टक्के, अशा दिवशी कूलर तीसच्या खाली उतरत नाही आणि वर खोली दमट करतो. तेव्हा पंप बंद, फक्त पंखा चालू. पाहुण्यांना हे आधीच सांगून टाका, आणि जूनच्या बुकिंगला “थंड खोली” असं लिहू नका. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दर कमी करते, तक्रारी ऐकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हंगाम संपला की गवत काढून जाळा, टाकी पुसून दोन दिवस उन्हात उपडी ठेवा, पंप काढून घरात ठेवा. आणि टाकीचं बूच सुतळीने कूलरलाच बांधा. दर मार्चमध्ये सहातली दोन तरी मी शोधत असते.