माणूस कामावर आला त्याच दिवशी

भोसरी एमआयडीसीत आमची प्रेस पार्ट्सची शेड आहे. मशीनं यजमान बघतात. पगार, चलनं आणि विम्याचे कागद माझ्याकडे. सुरुवातीला आमचा लेबर कन्सल्टंट म्हणायचा, "वहिनी, नव्या माणसाचं नाव विम्यात महिनाअखेरीला चलनाबरोबर टाकू. निम्मे तर पंधरा दिवसांत पळतात." मला पटायचं. मग एका हेल्परची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, कामावर आल्याच्या नवव्या दिवशी.

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नोंदणीला 10 दिवसांची मुदत असते, म्हणून आम्ही कसेबसे नियमात बसलो. पण पोर्टलवर नोंदणीची तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची! पुढचे चार महिने एकच प्रश्न: हा आधीपासून कामाला होता कशावरून? शेवटी हजेरीपत्रकातल्या त्याच्या रोजच्या सह्यांनी आम्हाला तारलं. तेव्हापासून आमच्याकडे माणूस आला की आधी चहा, मग आधार कार्ड, मग ईएसआयची नोंदणी, आणि त्यानंतरच मशीन.

10 माणसं झाली की ईएसआय लागतं, आणि त्यात ठेकेदाराची माणसंही मोजायची. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75. म्हणजे 16,000 पगारावर आमचे 520 आणि त्याचे 120, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. एवढ्यात त्याच्यासकट बायकामुलांचा दवाखाना होतो. काही मालक पगार मुद्दाम 21,000 च्या जरा वर दाखवतात. हा शहाणपणा मला कधीच कळला नाही. अपघात झाला की सगळा भार स्वतःच्याच डोक्यावर येतो. आणखी एक: पगारवाढ जूनमध्ये देऊन माणूस 21,000 च्या वर गेला, तरी 30 सप्टेंबरपर्यंत त्याची वर्गणी कापावीच लागते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहामाही कालखंड असतात. पहिल्या वर्षी मी हेच चुकले होते.

नोंदणी करताना घाई नको. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. घरच्यांची नावं त्याच बैठकीत घाला, "नंतर बघू" म्हटलं की राहतंच. आमच्या बऱ्याच पोरांची कुटुंबं गावी, कुणाची अहमदपूरला, कुणाची थेट बिहारमध्ये. कुटुंबासाठी वेगळा दवाखाना निवडायची सोय फॉर्ममध्येच आहे, तिथे त्यांच्या गावाजवळचा टाका. नाहीतर कार्डावर मोहननगरचं रुग्णालय, आणि बायको लातूर जिल्ह्यात!

कामगाराला दोन आकडे तोंडपाठ हवेत. आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघाताला तशी अट नाही. पहिल्या दिवसापासून हक्क, आणि बरा होईपर्यंत 90 टक्के. कामावर येता-जाता झालेला अपघातही त्यात धरता येतो. मालकानं मात्र अपघाताचा अहवाल 24 तासांच्या आत पाठवायचा. शेडमधल्या अपघात वहीत वेळ, मशीन आणि दोन साक्षीदार त्याच दिवशी लिहा. चार दिवसांनी कुणालाच काही आठवत नाही.

21,000 च्या वरच्यांसाठी, म्हणजे आमचे टूलरूमवाले आणि सुपरवायझर, डब्ल्यूसी पॉलिसी काढा, म्हणजे कामावरच्या अपघाताची मालकानं द्यायची भरपाई भरून देणारा विमा. एजंट सगळ्यांचीच काढायला सांगेल. ईएसआयमधल्या माणसाला एकाच अपघाताची भरपाई दोन्हीकडून मिळत नाही, त्यामुळे तो हप्ता वाया जातो. या पॉलिसीची गरज किती, ते आकड्यावरून कळेल: मासिक पगार जास्त असला तरी 15,000 धरून त्याच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. 30 वर्षांच्या माणसासाठी गुणक 207.98, म्हणजे तो कामावर दगावला तर 15,59,850 रुपये मालकानं द्यायचे. पॉलिसी घेताना औषधोपचाराचा खर्च जोडून घेतलाय का ते बघा, तो बहुधा वेगळा मागावा लागतो. आणि प्रेस ऑपरेटरला हप्ता वाचवायला "ऑफिस स्टाफ" लिहू नका. क्लेमच्या वेळी विमा कंपनीचा सर्व्हेअर थेट शेडमध्येच येतो.

विसावा माणूस आला की पीएफ. त्याबरोबर ईडीएलआयचा जीवन विमा आपोआप येतो, आणि तो बहुतेक कामगारांना माहीतच नसतो. हप्ता पूर्ण मालकाचा, माणशी महिन्याला जास्तीत जास्त 75 रुपये. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसाला 7 लाखांपर्यंत मिळतात. आमच्याकडे कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की अहेराबरोबर मी त्याचं ई-नॉमिनेशनही (ऑनलाइन वारसनोंद) नव्यानं करून घेते. पोरं हसतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, म्हणजे ईएसआय-पीएफचा नवा कायदा, आलीय. त्यामुळे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या खाली ठेवून, वर्गणी वाचवायला भत्ते फुगवायची जुनी युक्ती विसरा. पगारपत्रक एकदा तपासून घ्या.

या सगळ्यात एक माणूस कुठेच बसत नाही: प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा मालक. ईएसआयमध्ये तो नाही, स्वतःच्या डब्ल्यूसी पॉलिसीतही नाही, कारण तो स्वतःचा नोकर नव्हे. आमचे यजमान अजून स्वतः प्रेसवर डाय (साचा) सेट करतात. गेल्या दिवाळीत त्यांची आरोग्य आणि अपघात पॉलिसी काढली. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला गेला होता, ते निमित्त झालं. "मला काय झालंय?" म्हणत तपासणीला गेले. उपाशीपोटी साखर 180 निघाली. एजंट म्हणाला, लिहू नका. मी फॉर्मवर स्पष्ट लिहिली. हप्ता वाढला आणि साखरेशी संबंधित आजारांना 3 वर्षांची वाट बघायची अट लागली. त्यातले काही महिने एव्हाना सरलेत, आणि शेडमधल्या चहात आता साखर वेगळी ठेवतो.