जमीन डेव्हलप करण्याआधी जुन्या खुणा कशा शोधायच्या

गोव्यात प्लॉटवर जेसीबी घालायच्या आधी एकदा नीट चालून बघा, खरंच. आधी सर्व्हे प्लॅन घ्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना शेताभाटांची जुनी नावं विचारा, कुठे देऊळ होतं, तळी कुठे होती, कारण नावातच अर्धी माहिती असते.

पावसाळ्यात जाऊ नका, गवतात काही दिसत नाही. जानेवारी ते मे बरं. चार-पाच जणांनी पाच-दहा मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालायचं, नजर जमिनीवर, खापरं, घडीव चिरे, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड), गजलक्ष्मीचा दगड (हत्तींसोबत लक्ष्मी कोरलेला) काहीही दिसलं की जीपीएस पॉइंट घ्या आणि आकार कळावा म्हणून बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो. उचलायचं मात्र नाही, जागेवरून हलवलं की त्याची अर्धी गोष्ट गेली.

कातळ असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात कोरीव रेषा उठून दिसतात. दक्षिण गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर अशीच चित्रं आहेत, त्यावरून मशीन गेलं असतं तर?

केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगी लागते. काही सापडलं तर काम थांबवून पुरातत्व खात्याला लेखी कळवा.