मेसा व्हर्डेतील कड्यातली घरे आतून पाहण्यासाठी

कोलोराडोतील मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात प्राचीन प्युब्लो या अमेरिकेतील मूळ रहिवासी लोकांनी कड्याच्या कपारीत बांधलेली घरे दुरून सहज दिसतात. परंतु त्यांपैकी क्लिफ पॅलेस किंवा बाल्कनी हाउसच्या आत जायचे तर रेंजरसोबतच्या फेरीचे तिकीट लागते आणि ते हंगामात भराभर संपते.

1. तिकिटे 14 दिवस आधी, तेथील सकाळी 8 वाजता ऑनलाइन खुली होतात. उन्हाळ्यात ही भारतातील संध्याकाळची 7.30 ची वेळ असल्याने नातलगांसाठी इथूनही ती काढता येतात. तिकिटांच्या संकेतस्थळावरचे खाते मात्र आधीच उघडून ठेवावे.

2. प्रवेशद्वारापासूनच्या वळणावळणाच्या रस्त्यासाठी तासभर धरूनच फेरी निवडावी.

बाल्कनी हाउसमध्ये 32 फुटी शिडी आणि जेमतेम 18 इंच रुंदीचा बोगदा असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी तो हट्ट धरू नये.