व्हीगन झालात आणि पळण्याचा पेस (वेग) पडला? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी दूध सोडलं, म्हणजे व्हीगन झालो, प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही. मांस-अंडी घरात तशीही नव्हतीच, त्यामुळे वाटलं आपलं नव्वद टक्के काम आधीच झालंय, आता चहा कोरा करायचा, ताक-दही बंद करायचं, संपलं. सप्टेंबरपर्यंत माझा दहा किलोमीटर पळण्याचा टाइम चार मिनिटांनी वाढला, पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या ज्या चढावर मी गप्पा मारत जायचो तिथे कमरेवर हात ठेवून उभं राहायची वेळ आली, आणि ग्रुपमधले एक काका (वय पासष्ट, पाय पंचविशीचे) मला मागे टाकताना "दूध पी रे जरा" असं म्हणून जायला लागले. राग यायचा, कारण अर्धं खरं होतं. दूधच प्यायला हवं होतं असं काही नाही, पण दूध गेल्यावर ताटात जो खड्डा पडला तो मी मोजलाच नव्हता.

आपल्याकडच्या शाकाहारी घरात दूध वेगळं असं दिसतच नाही हो. चहात आहे, कोशिंबिरीत दही आहे, जेवणावर ताक, वरणावर तूप, पोळीला तूप, रविवारी पनीर, झोपताना हळद-दूध. बसून हिशोब केला तर माझं रोजचं साधारण 25 ग्रॅम प्रोटीन आणि चार-पाचशे कॅलरी एका झटक्यात गेल्या होत्या, आणि त्या जागी मी काय ठेवलं तर काकडी. पळताना किलोमीटरमागे आणि वजनाच्या किलोमागे ढोबळ एक कॅलरी जाते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 25 किलोमीटरच्या लाँग रनचे 1500. आता त्यात व्हीगन जेवण पोट लवकर भरवतं, भाज्या-कडधान्यांनी ताट मोठं दिसतं पण कॅलरी कमी, त्यामुळे भूक लागत नाही आणि तरी तुम्ही उपाशी असता. माझं वजन तीन किलो उतरलं आणि मी खूश, सगळे म्हणतात काय बारीक झालास! झोप तुटायला लागली, सकाळचा पल्स वाढला, सर्दी पंधरा-पंधरा दिवस हटेना, घरात कुणी काही बोललं की खेकसणं, हे सगळं मी ऑफिसच्या टेन्शनवर ढकललं. बायकांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर तो फिटनेस नाही, सरळ ट्रेनिंग कमी करून डॉक्टर गाठायचा.

उपाय भारी काही नाही. आईला "पोळीला तूप नको" सांगताना "तेल लाव" हे पण सांगायचं. दाण्याची चटणी चमचाभर नाही, वाटीत घ्यायची. भाजीत दाण्याचं कूट, खोबरं, तीळ सढळ हाताने. पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खाणं, अंघोळ-पेपर-फोन उरकून अकरा वाजता नाही.

प्रोटीनची चूक वेगळी. "वरणात असतं की" हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा बोललोय. एन्ड्युरन्सवाल्यांना, म्हणजे लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांना, दिवसाला वजनाच्या किलोमागे 1.2 ते 2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोला किमान 72, आणि आपलं पातळ वरण वाटीला पाच-सहा ग्रॅमच्या पुढे जात नाही, बारा वाट्या वरण कोण पितंय. सुके सोया चंक्स 50 ग्रॅम घेतले तर त्यात साधारण 25 ग्रॅम मिळतं, मूठभर दाण्यात सात-आठ, मग टोफूची (सोयाच्या पनीरची) भुर्जी, मोडाची मटकी, छोले, पिठलं. सिंहगडावर धापा टाकत पोचल्यावर मडक्यातलं दही समोर दिसतं तेव्हा जीव जातो हे मान्य, पण शेजारचं पिठलं-भाकरी तुमचंच आहे, फक्त वर लोण्याचा गोळा नको म्हणून आधी सांगा, मावशी न विचारता टाकतात.

आणि दुधाच्या जागी बदामाचं दूध घेऊन निवांत होऊ नका. कपात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन असतं, घरी केलेलं असेल तर कॅल्शियमही नावापुरतं. सोया मिल्क घ्या, पाकिटावर कॅल्शियम घातलंय का बघा, आणि ओतायच्या आधी जोरात हलवा कारण कॅल्शियम तळाशी बसतं. बाकी नाचणी आहेच, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

आता लाज वाटते तरी सांगतो. शनिवारी रात्री मी राजमा, ब्राउन राइस, वर मोठा बोल सॅलड असं "क्लीन" जेवलो आणि रविवारी पहाटे सिंहगड रोडने खडकवासल्याकडे निघालो. धरणाच्या चौपाटीवर कणसंवाले पण उठलेले नसतात अशी वेळ, टपऱ्या बंद, आणि पोटात जे काही सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी रिक्षाने परत आलो. फायबर एरवी चांगलं, लाँग रनच्या आधीच्या संध्याकाळी नाही. तेव्हा पांढरा भात, बटाटा, पातळ मुगाचं वरण. सकाळी केळं, पाव-जॅम, नाहीतर थोडे पोहे. साबुदाण्याला सगळे नावं ठेवतात पण या एका कामाला तो बेस्ट, फायबर जवळपास नाहीच, फक्त दाणे कमी घाला आणि तुपाऐवजी तेलात करा. दीड तासाच्या पुढे पळणार असाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा काहीही चालेल, पळताना घ्यायचं पाकिटातलं एनर्जी जेल घेतलं तर त्यात मध आहे का बघा. ताकातून जे मीठ-पाणी पोटात जायचं त्याच्या जागी लिंबू सरबत किंवा कोकम, मीठ कंजुषी न करता.

व्हिटॅमिन बी12 वर मात्र गंमत नाही. ते झाडपाल्यात नसतं, स्पिरुलिनात (शेवाळाच्या पावडरीत) जे दिसतं ते शरीराला वापरता येत नाही, मोडाच्या कडधान्याने येत नाही. "दोन-तीन वर्षांचा साठा असतो" हे मला जिममधल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, पण तो साठा आयुष्यभर मांस-अंडी खाणाऱ्याचा, आपला नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने 2006 साली पुणे आणि आसपासच्या पुरुषांवरचा अभ्यास छापला, त्यात दोन तृतीयांशच्या आसपास लोकांचं बी12 कमी होतं, आणि ते व्हीगन नव्हते! म्हणजे आपण सुरुवातच रिकाम्या टाकीने करतो. त्यात डाळी-भाज्यांतून फोलेट (बी9) भरपूर पोटात जातं म्हणून तपासणीत रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान मागे चालू राहतं, पायाला मुंग्या येतात आणि आपण नवीन शूज घेतो. दूध सोडायच्या आधीच बी12, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी आणि सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) करून घ्या, डोस डॉक्टरला ठरवू द्या. सॅम्पल लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका, फेरिटिन फुगून दिसू शकतं.

फेरिटिन का, तर हिमोग्लोबिन नॉर्मल असताना लोहाचा साठा संपलेला असू शकतो, माझा तसाच होता. आणि कारण काय निघालं, तर कोरा चहा. दूध गेलं म्हणून मी चहाचे कप वाढवले, तेही नाश्त्याच्या पोह्यांबरोबर आणि जेवणावर, आणि चहातले टॅनिन डाळी-भाज्यांतलं लोह शोषू देत नाहीत. तास-दीड तासाचं अंतर ठेवा, आणि पोह्यांवर लिंबू नुसतं शोभेला न ठेवता पिळा, व्हिटॅमिन सी ने लोह चांगलं घेतलं जातं. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तरी त्रास आहे.

किरकोळ: डी3 बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून येतं, लायकेनपासून (दगडफुलाच्या जातीचं) केलेलं मिळतं ते मागा, कॅप्सूलचं जिलेटिन पण बघा, तेही प्राण्यांपासूनच येतं. दूध गेलं की आयोडीनही कमी होतं, त्यात घरात सगळीकडे सैंधव असेल तर निदान भाजीला साधं आयोडीनचं मीठ वापरा.

आणि हे सगळं रेसच्या सहा आठवडे आधी सुरू करू नका. डिसेंबरची पुण्याची मॅरेथॉन करायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये बदला, आंब्याच्या दिवसात कॅलरीची चिंता तशीही नसते, आमरसात दूध घालायचं नाही एवढंच. आमच्याकडे त्यावरून अजून वाद चालू आहे.